डावीकडचा खांब

८ ऑक्टोबर

प्रिय मोजपट्टी,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुझ्या काकांचे कान तुला माहीत आहेत. मी स्वयंपाकघरात चमचा खाली ठेवला तरी बाहेरून विचारतात, "काय पडलं गं?" त्यांच्यासमोर त्यांच्या गाडीविषयी बोलायची माझी छाती नाही. म्हणून हे शिवणवर्गात बसून लिहितेय. मुली काजं करताहेत, तेवढ्यात उरकते.

हिरवी आता थकली आहे. माझी सवत आहे म्हणून बोलत नाही, खरंच सांगते. अंधार पडायला लागला की तिच्या दिव्यांत दम नसतो. तलावाच्या कडेनं घरी येताना हे पुढे वाकून, स्टिअरिंगला नाक लावून गाडी चालवतात आणि म्हणतात, "दिवे मंदावलेत." समोरची काच कितीही पुसली तरी धुरकट वाटते म्हणतात. डावीकडचा आरसा खाली झुकतो म्हणे, त्यामुळे आमच्या फाटकाचा डावा खांब दोनदा घासला. दुसऱ्यांदा मी ओरडले, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या तलावाच्या रस्त्याला कठडा नाही. आठवड्यातून दोनदा मला वर्गाला जायचं असतं आणि परतताना संध्याकाळच होते. मी देवाचं नाव घेत बसते, हे म्हणतात, "देवाला म्हणावं, दिवा धर." एखाद्या दिवशी ही बया आम्हा दोघांना त्या पाण्यात घालणार.

शेजारचे दातांचे डॉक्टर आपली पांढरी परदेशी गाडी विकताहेत. त्यांना नवी घ्यायची आहे. ती गाडी मी इतकी वर्षं बघतेय, एकदा बंद पडलेली आठवत नाही. आणि आमची? रोज सकाळी तुझे काका बॉनेट उघडून तिच्यापुढे उभे. डॉक्टर परवा फाटकातून हसून म्हणाले, "काका, हा डबा आता सोडा. आपल्याकडचा माल तो, आणखी किती ओढणार?"

आणि ऐक, काका काहीच बोलले नाहीत. मी वाट बघत होते, आता यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण नाही. रात्री जेवताना म्हणाले, "तुला वाटतं तर घेऊ पांढरी."

तू त्याच खात्यातली. गाड्या किती टिकतात हेच तुम्ही दिवसभर मोजता ना? मग यांना एक पत्र टाक. लिही की हिरवीचे दिवस भरले. माझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना लागेल, तुझ्या तोंडून लागणार नाही.

तुझी,
मावशी


१५ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र मिळालं. काकांना मी तसं लिहिणार नाही, कारण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही.

आमच्याकडे प्रश्नावलीला गाडीमालकांची उत्तरं येतात आणि त्याच गाड्यांच्या दुरुस्तीच्या नोंदीही येतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचणं हे माझं काम. गेल्या महिन्यात दोन मालकांची उत्तरं एकामागोमाग हातात आली. दोघांच्याही खिडकीची काच वर जाईना, दोघांनीही गाडी दुरुस्तीला टाकली. एकानं लिहिलं, "गाडी बिघडली, आपल्याकडे असंच असतं." दुसऱ्यानं लिहिलं, "सर्व्हिसला दिली होती, बाकी तक्रार नाही." दुसरी गाडी परदेशी होती. काच दोन्हींची सारखीच अडकली होती, नावं मात्र दोन वेगळी पडली.

परदेशी गाड्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. काही फार चांगल्या असतात. पूर्वी आपल्या गाड्या खरंच जास्त बिघडायच्या, तेव्हा लोकांचं मत बरोबर होतं. गाड्या सुधारल्या, मत तिथेच राहिलं. आज आपल्याकडे बनलेल्या काही गाड्या टिकण्यात पुढे आहेत आणि काही मागे. कुठे बनली यावरून काही कळत नाही.

पांढरी बंद पडलेली तू पाहिली नाहीस, कारण ती त्यांच्या बंद गॅरेजात असते, आणि बिघडली की सर्व्हिसचा माणूस येऊन तिला घेऊन जातो. काका बॉनेट उघडतात ते बिघाड झाला म्हणून नाही. मी सात वर्षांची होते तेव्हापासून ते रोज उघडतात. तुमच्या गल्लीला मात्र रोज उघडं बॉनेट दिसतं, आणि उघडं बॉनेट म्हणजे बिघडलेली गाडी असं सगळे धरून चालतात. बहुतेक तूही.

तुझ्या तक्रारींवर उपाय सोपे आहेत. दिव्यांच्या काचा आतून पिवळ्या पडतात, त्या घासून घ्या. बॅटरीची टोकं आणि अर्थिंगची तार साफ करा. आरशाचा स्क्रू बदला. समोरची काच आतल्या बाजूनंही पुसा. एवढं केल्याशिवाय काही ठरवू नकोस.

काका डॉक्टरांना काही बोलले नाहीत हे वाचून मला आश्चर्य वाटलं. पण तो माझा विषय नाही.

तुझी,
भाची


२ नोव्हेंबर

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र म्हणजे परीक्षेचा पेपर. मी तुला मायेनं विचारलं आणि तू मला खिडकीच्या काचा सांगितल्यास. असो. बहिणीचीच मुलगी, तीही अशीच होती.

तू लिहिलंस ते सगळं केलं. मिस्त्रीकडे हिरवी दिवसभर ठेवली. त्यानं काचा घासल्या, तारा साफ केल्या, आरसा घट्ट केला. वर मला म्हणाला, "काकू, दिवे इतके लख्ख आहेत की समोरचा शिव्या घालेल." मी म्हटलं, सुटले.

कसली सुटते. त्याच आठवड्यात वर्गावरून येताना डावीकडून एक सायकलवाला आला. खांद्यावर शिडी घेतलेला. मला केव्हाचा दिसत होता, म्हणून मी काही बोलले नाही, मला वाटलं यांनाही दिसतोय. अगदी बाजूला आल्यावर यांनी करकचून ब्रेक मारला. तो शिडीसकट आडवा झाला. लागलं नाही, पण उठून त्यानं यांना जे ऐकवलं ते मी लिहिणार नाही. घरी येऊन हे म्हणाले, "ब्रेकचं पेडल खोल जातंय." किल्ली खुंटीला न लावता तशीच टेबलावर टाकली त्यांनी. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं.

आता तू म्हणशील ब्रेक बघून घ्या. मिस्त्री परत बघणार आणि म्हणणार सगळं ठीक आहे. मिस्त्री तरी आपल्याच गाडीचा मिस्त्री, तिला वाईट कसं म्हणेल? डॉक्टर म्हणाले, "बघा, मी सांगत होतो. ब्रेकसुद्धा धड नाहीत."

शेवटी डॉक्टरांनीच तोडगा काढला. पांढरी आठ दिवस वापरून बघा, पटली तर पुढच्या महिन्यात कागद करू. भला माणूस आहे, त्याला काही गरज नव्हती.

काकांची काळजी करू नकोस. तब्येत उत्तम. पेपर शेवटच्या पानावरच्या बारीक जाहिरातींपर्यंत वाचतात. चष्मा मी लावते आणि सुईत दोरा तेच ओवून देतात. जरा गप्प असतात एवढंच. गाडी जाणार म्हणून असेल.

मावशी


९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

ब्रेक तपासून घे. मिस्त्री काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत कळव.

आठ दिवस पांढरी वापराल तेव्हा माझं एक काम कर. काय बिघडलं ते लिहू नकोस. काय घडलं ते लिही. कुठे, कुठल्या बाजूला, उजेड होता की अंधार, आणि काका काय म्हणाले. गाडीबद्दलचं तुझं मत बाजूला ठेव. डॉक्टरांचंही.

शक्य असेल तर त्या आठवड्यात वर्गाला दुसऱ्या कुणाबरोबर जा.

तुझी,
भाची


१९ नोव्हेंबर

प्रिय मोजपट्टी,

दुसऱ्या कुणाबरोबर जा म्हणे! आठ दिवस परदेशी गाडी दारात असताना मी शेजारणीच्या स्कूटरवर मागे बसू?

मिस्त्री म्हणाला, "ब्रेकला काही झालेलं नाही, काकांना सांगा गाडीला उगाच बदनाम करू नका." हे त्याचे शब्द, माझे नाहीत.

आता पांढरीचं. काय गाडी आहे! आत बसलं की बाहेरचा आवाज म्हणून नाही. खुर्ची अशी की वर्गापर्यंत माझा डोळा लागला. परतताना मात्र जागी होते, कारण तू काम लावलं होतंस. तर घडलं ते असं. तलावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता, आकाशात उजेड होता, रस्त्यावर नव्हता. हे पुढे वाकले. म्हणाले, "हिचेही दिवे मंदच आहेत." मी म्हटलं, "अहो, परदेशी दिवे आहेत." तर म्हणतात, "देश कुठला का असेना, दिवे सगळे सारखेच." काचही त्यांना धुरकट वाटली. कालच डॉक्टरांनी धुवून दिलेली गाडी.

आणि फाटकाशी आलो तर, कर्रर्र. तोच खांब. डावीकडचा.

मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. दुसऱ्याची गाडी! डॉक्टर बाहेर आले, ओरखडा बघितला आणि हसून म्हणाले, "काका, असं होतंच. परदेशी गाडीचा अंदाज यायला वेळ लागतो." बघ किती मोठं मन. हे उतरले ते सरळ घरात गेले. गाडीचं दारसुद्धा लावलं नाही. दार मी लावलं.

एवढं सोडलं तर गाडी झकास. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला कागद करायचे ठरलेत. हिरवी मिस्त्रीच घेणार आहे, सुटे भाग काढायला.

तू काही म्हण, माझा जीव भांड्यात पडला.

मावशी


२४ नोव्हेंबर

प्रिय काका,

नमस्कार. हे पत्र तुमच्यासाठी आहे. मावशीला मी यातलं काही लिहिलेलं नाही.

तुम्ही मला शिकवलंत की दोष शोधताना आधी गाडीवर संशय घ्यायचा नाही, आधी काय झालं ते नीट ऐकायचं. म्हणून जे कळलं ते तसंच मांडते.

हिरवीचे दिवे मिस्त्रीनं लख्ख केले, ते तुम्हाला मंद वाटले. पांढरीचेही मंद वाटले. दोन्ही काचा पुसलेल्या होत्या, तुम्हाला दोन्ही धुरकट दिसल्या. शिडीवाला माणूस मावशीला केव्हाचा दिसत होता, तुम्हाला अगदी जवळ आल्यावर दिसला. तो डावीकडून आला. खांबही डावीकडचा. हिरवीला लागला, पांढरीलाही लागला. आणि हे सगळं अंधार पडताना.

दोन गाड्या. वेगळे देश, वेगळे कारखाने, एकही भाग समान नाही. तरी तक्रारी त्याच, त्याच बाजूला, त्याच उजेडात. असं झालं की आमच्याकडे गाड्या बाजूला ठेवतात आणि दोन्हींत समान काय होतं ते बघतात. दोन्हींत समान तुम्ही आहात.

तुम्ही पेपर वाचता, सुईत दोरा ओवता, म्हणून कुणाला शंका आली नसेल. पण सुई आणि पेपर समोर असतात. खांब आणि सायकल बाजूला असतात.

मी डॉक्टर नाही. चुकत असेन तर डोळ्यांचे डॉक्टर तसं सांगतील आणि मी माफी मागेन.

अजून एक गोष्ट, जी मोजता येत नाही. मी लहान असताना एक पाहुणे हिरवीला डबा म्हणाले होते. तुम्ही त्यांना चहा अर्धा ठेवायला लावून खाली नेलंत. दार उघडलंत, दोन बोटांनी लावलंत आणि म्हणालात, "हा आवाज ऐका आणि मग बोला." चहा गार झाला. या वेळी शेजारचे डॉक्टर तेच म्हणाले आणि तुम्ही गप्प बसलात. मावशीच्या पहिल्याच पत्रात ते होतं. मी ते वाचून पुढे गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

कृपा करून उजेड कमी झाल्यावर गाडी चालवू नका. त्या रस्त्याला कठडा नाही.

तुमची,
मोजपट्टी


२८ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,

पत्र पोचलं. तुमच्या संस्थेत माणसांची तपासणी होते हे माहीत नव्हतं. माझे डोळे उत्तम आहेत. हे पत्र चष्म्याशिवाय लिहिलं आहे. गाडी जुनी झाली आहे, विकायचं ठरलं आहे. विषय संपला.

काका


१ डिसेंबर

प्रिय काका,

विषय संपलेला नाही.

दहा तारखेला तुम्ही हिरवी सुटे भाग काढायला द्याल. तिच्यात काही दोष नव्हता हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यात तिची दारं तुम्ही स्वतः बसवलीत. तरी सगळी गल्ली म्हणेल की दिवे गेले होते, ब्रेक गेले होते, आपल्याकडचा माल असाच. ते खोटं असेल आणि ते खोडून काढू शकणारा माणूस एकच आहे.

त्यानंतर पांढरी त्याच खांबाला लागेल. मग तुम्ही तिलाही दोष द्याल. आणि एका संध्याकाळी खांब नसेल, शिडीवाला असेल किंवा पाणी असेल. तुमच्या डाव्या बाजूला मावशी बसते.

दहा तारखेपर्यंत तुम्ही तिला सांगितलं नाहीत तर मी सांगेन. मला ते करायची इच्छा नाही.

मोजपट्टी


११ डिसेंबर

मोजपट्टी,

मी तुझ्यावर रागावले आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढे विसरणार नाही. यांना दोन-दोन पत्रं लिहिलीस आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीस? त्या गाडीत रोज मी बसते की तू?

आता काल काय झालं ते ऐक.

सकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. समोरची औषधवाली बाई होती, मिस्त्री हिरवी न्यायला आलेला. हे नेहमीसारखे बॉनेट उघडून उभे. मी म्हटलं, "अहो, आता कशाला? चालली ती." तर हे आत वाकले, तेल बघितलं, फडक्यानं सगळं पुसलं आणि बॉनेट लावलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, जरा इकडे या. हिचे दिवे लावतो. सांगा, मंद आहेत का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही हो, चांगले आहेत की."

"ब्रेक मिस्त्रीनं बघितलेत. सांग रे, काय होतं त्यात?"

मिस्त्री म्हणाला, "काही नव्हतं, काका. मी तर सांगतच होतो."

मग हे फाटकाच्या त्या खांबाजवळ जाऊन उभे राहिले. ओरखड्यांत हिरवा रंग पण होता आणि पांढरा पण. त्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची गाडी चांगली आहे डॉक्टर. माझी पण चांगली आहे. बिघडलोय तो मी. मला या बाजूचं दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून दिसत नाहीये. मी माझं झाकायला हिच्यावर ढकललं."

औषधवाल्या बाईनं पदर तोंडाला लावला. मी तिथेच पायरीवर बसले गं. मला एकदम तो शिडीवाला आठवला. आणि सुया. हे मला सुईत दोरा ओवून द्यायचे आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरायचे, बघा, डोळे कसे आहेत!

तर डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात घातले. यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा डॉक्टरांसारखे बोलले, "काका, दात असते तर मी बघितलं असतं. डोळ्यांचे माझे मित्र आहेत. आत्ता निघू."

पांढरीतूनच नेलं त्यांनी. मी घरी थांबले, कारण मला रडायचं होतं आणि यांच्यासमोर रडले असते तर हे मलाच समजावत बसले असते.

काय सांगितलं ते हेच लिहिणार म्हणतात. मी राग संपवत नाहीये, पण खाल्लंस का वेळेवर?

मावशी


१४ डिसेंबर

चि. मोजपट्टीस,

तुझा निकाल बरोबर आला. काचबिंदू. डोळ्यांत दाब वाढतो आणि कडेकडेनं दिसणं जातं. मधलं राहतं, म्हणून पेपर वाचता येतो आणि माणूस स्वतःला शहाणा समजतो. डावा डोळा जास्त गेलाय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून टिकवता येतं. आणखी थांबलो असतो तर तेही गेलं असतं. हे वाक्य तुझ्यासाठी लिहिलंय, परत म्हणणार नाही.

तपासणीची गंमत सांगतो. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो. ठिपका काही येईना. बराच वेळ गेला. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला म्हणालो, "तुमचं यंत्र दाखवून घ्या, बंद आहे." ती म्हणाली, "काका, यंत्र सगळा वेळ चालू होतं." तुझ्यापेक्षा लहान असेल. तिनं हळू आवाजात सांगितलं, तू लिहून सांगितलंस.

मला आधी वाटलं होतं की गाडीच. खरंच वाटलं होतं. पहिल्यांदा खांब लागला तेव्हा मी आरसा उघडून बघितला. मग कळायला लागलं. पण गाडी बिघडली तर माणूस गाडी बदलतो. माणूस बिघडला तर काय बदलतात ते मला माहीत नव्हतं. मग डॉक्टर तिला डबा म्हणाले आणि मला ते सोयीचं पडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. एकतीस वर्षं मी दारं बसवली. एका वाक्यानं सगळ्यांचं नाव घालवलं.

डॉक्टरांच्या गाडीतून जाताना एक मात्र बघितलं. बघितलं म्हणजे ऐकलं. तिचं दार उत्तम लागतं. तिकडेही कुणीतरी मन लावून बसवलंय. त्याला कळवता आलं असतं तर कळवलं असतं.

गाडी चालवणं बंद. हिरवी ठेवली आहे, पण चालवणार कोण हा प्रश्न आहे. तुझी मावशी काहीतरी ठरवून बसली आहे आणि मला सांगत नाही.

काका


२० डिसेंबर

प्रिय मावशी,

राग बरोबर आहे. तुला आधी कळवायला हवं होतं असं कुणीही म्हणेल. माझ्या कामाची पद्धतही तीच आहे, धोका ज्याला आहे त्याला आधी सांगायचं. मी ती मोडली. तू विचारलं असतंस तर ते कबूल झाले असते, पण आपणहून सांगितलं नसतं. त्यांनी स्वतः सांगावं असं मला वाटत होतं. आठ-दहा दिवस मी नीट झोपले नाही. हे मोजलेलं नाही, अंदाज आहे.

थेंब वेळेवर घालणं महत्त्वाचं. ते विसरतील असं नाही, पण तू विचार.

मी वेळेवर खाते.

तुझी,
भाची


१६ फेब्रुवारी

प्रिय मोजपट्टी,

हात दुखतोय तरी लिहिते. आज मला परवाना मिळाला! या वयात! परीक्षक म्हणाला, "काकू, पेडल फार छान सांभाळता." मी म्हटलं, "शिलाईचं मशीन चालवण्यात जन्म गेला बाबा, पेडल मला शिकवू नकोस." दोन महिने तुझे काका शेजारी बसून शिकवत होते. आधी ओरडायचे, मग मी एकदा गाडी रस्त्यातच थांबवून किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, चालवा. तेव्हापासून ओरडत नाहीत. आता आमची वाटणी ठरली आहे. बघायचं मी, ऐकायचं त्यांनी. गिअर चुकला की मला कळायच्या आत त्यांना कळतं.

डॉक्टरांची पांढरी अजून विकली गेलेली नाही. आणि गेले तीन आठवडे ती "सर्व्हिसला" आहे. काहीतरी भाग बाहेरून यायचाय, तोपर्यंत ती तिथेच. हे सांगताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर एवढंसुद्धा काही नाही. बिघडली म्हण ना! नाही, सर्व्हिसला.

काल त्यांना दवाखान्यात मीच सोडलं. मागच्या सीटवर बसून रस्ताभर सांगत होते, "काही म्हणा काकू, परदेशी गाडीची बातच और. काय तो आराम, काय तो भरवसा." आमच्या हिरवीत बसून! मला हसू आवरेना. यांनी मात्र ऐकून घेतलं. मी म्हटलं, आता तरी बोलतील. नाहीत. दवाखाना आला, डॉक्टर उतरले आणि दार धाडकन आपटलं.

तेव्हा हे खिडकीतून म्हणाले, "डॉक्टर, परत लावा. दोन बोटांनी. ऐका."

डॉक्टरांनी परत उघडलं, दोन बोटांनी लावलं. क्लक. एवढाच आवाज. डॉक्टर म्हणाले, "चांगलं लागतं हो." आणि गेले.

यांनी घरापर्यंत माझ्या गिअरला एकदाही नावं ठेवली नाहीत.

राग संपला आहे. सुट्टी काढून ये. तुला स्टेशनवरून आणायला मी येईन, मी!

मावशी

ता. क. तुझ्या काकांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

चि. मोजपट्टीस,

फाटकाचा डावा खांब आता माझ्याच दाराशेजारून जातो. मला तो दिसत नाही. पण हिरवीला लागत नाही.

काका